ऑक्सिजन सेन्सरचा कपलर नेमका कोणता, हे कसे ओळखावे

पेट्रोल गाडीच्या इंजिनावरचा ऑक्सिजन सेन्सरचा कपलर, म्हणजे त्याची वायर गाडीच्या वायरिंगला जोडणारा प्लग, ओळखायचा असेल, तर बॉनेट उघडून कपलर न्याहाळत बसू नये. सुरुवात एक्झॉस्टच्या पाइपापासून करावी. आजच्या इंजिनाभोवती इतके कपलर असतात आणि त्यांतले इतके काळे, चौकोनी आणि जवळजवळ एकाच मापाचे असतात, की नुसत्या रूपावरून त्यांतला एक निवडणे हा निव्वळ अंदाज ठरतो. सेन्सर मात्र लपत नाही. तो एक्झॉस्टच्या धातूत आट्यांवर बसवलेला असतो, त्याच्या डोक्यातून त्याची स्वतःची वायर निघालेली असते आणि ती वायर जिथे संपते तोच आपला कपलर. म्हणून या लेखात आधी जागा, मग वायरीचा मार्ग, मग वायरींची संख्या, त्यानंतर मीटर आणि स्कॅनर असा क्रम धरला आहे. रंगाची साक्ष यात दुय्यम आहे. अनेक जण नेमके उलटे करतात, रंगापासून सुरुवात करतात, आणि घोळ तिथेच होतो.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात किंवा शिरोली नाक्याच्या आसपास गॅरेज चालवणाऱ्या मेकॅनिकला आपल्या नेहमीच्या चार-पाच मॉडेलांचे कपलर पाठ असतात, आणि त्याला हा लेख वाचण्याची गरजही नाही. परंतु आयटीआय करून नुकताच गॅरेजमध्ये लागलेला मुलगा, किंवा चेक इंजिनचा दिवा लागल्यावर स्वतः स्कॅनर जोडून पाहणारा गाडीमालक, यांना एका मॉडेलचे पाठांतर दुसऱ्या मॉडेलवर उपयोगी पडत नाही. त्यांना रीत ठाऊक असायला हवी.

सेन्सर किती आणि कुठे

ऑक्सिजन सेन्सर, म्हणजेच लॅम्डा सेन्सर, जळून बाहेर पडणाऱ्या वायूत किती ऑक्सिजन उरला आहे हे पाहतो आणि त्यावरून ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा संगणक, पेट्रोलची मात्रा कमी-जास्त करतो. बॉशने हा सेन्सर बाजारात आणला आणि १९७६ साली तो व्होल्वोच्या गाड्यांवर प्रथम बसला. त्यामागचे तत्त्व आजही तेच आहे: झिर्कोनिया या सिरॅमिकच्या टोपीच्या एका बाजूस एक्झॉस्टचा वायू आणि दुसऱ्या बाजूस बाहेरची हवा असते, आणि दोन्हींकडच्या ऑक्सिजनमध्ये फरक असला की टोपीवर व्होल्टेज निर्माण होते. झिर्कोनिया सुमारे ३०० अंश सेल्सिअसच्या वर तापल्याशिवाय हे काम नीट करत नाही, म्हणून आतमध्ये हीटर असतो. कपलरमधील पिना समजून घेताना ही हीटरची गोष्ट आणि बाहेरच्या हवेची गोष्ट, दोन्ही लक्षात ठेवाव्यात. पुढे दोन्हींचे काम पडणार आहे.

आपल्याकडे बीएस-४ (धुराच्या प्रदूषणाचे भारतीय मानक) गाड्यांना १ एप्रिल २०१३ पासून ओबीडी-२, म्हणजे गाडीने स्वतःचे दोष ओळखून कोड नोंदवण्याची पद्धत, लागू झाले आणि १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आले. त्यामुळे गेल्या दहा-बारा वर्षांतील पेट्रोल गाडीवर सर्वसाधारणपणे दोन सेन्सर सापडतात. पहिला कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या (एक्झॉस्टमधले विषारी वायू कमी करणाऱ्या डब्याच्या) आधी असतो, म्हणजे मॅनिफोल्डवर किंवा त्याला लागून असलेल्या पाइपावर. दुसरा कन्व्हर्टरच्या नंतर असतो. पहिला पेट्रोलची मात्रा ठरवतो, तर दुसरा प्रामुख्याने कन्व्हर्टर आपले काम करतो आहे की नाही यावर लक्ष ठेवतो. त्याआधीच्या अनेक गाड्यांवर एकच सेन्सर होता, तेव्हा जुन्या गाडीखाली दुसरा सापडला नाही म्हणून कोणीतरी काढून टाकला असेल असा निष्कर्ष घाईने काढू नये.

स्कॅनर या सेन्सरांना 'बँक १ सेन्सर १', 'बँक १ सेन्सर २' अशी नावे देतो. यातला सेन्सरचा आकडा सोपा आहे: १ म्हणजे कन्व्हर्टरच्या आधीचा, २ म्हणजे नंतरचा. बँक म्हणजे सिलिंडरांची एक ओळ, आणि तिच्याबाबत मात्र गैरसमज फार आहेत. बँक १ म्हणजे डावी बाजू नव्हे, चालकाकडची बाजूही नव्हे; ज्या बाजूला एक नंबरचा सिलिंडर असतो ती बँक १. आपल्या रस्त्यांवरील बहुतेक गाड्यांची तीन किंवा चार सिलिंडरची इंजिने एका ओळीतली असतात, त्यामुळे त्यांना एकच बँक असते आणि हा प्रश्नच उद्भवत नाही. व्ही-६ इंजिनाची गाडी हाती आली तर मात्र एक नंबरचा सिलिंडर कोणता, हे त्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये पाहूनच पुढे जावे, कारण अशा गाडीवर चार सेन्सर असतात आणि डाव्या-उजव्या बाजूंचे कपलर एकमेकांत बसूही शकतात.

डिझेल गाडीवर हा लेख जसाच्या तसा लावू नये. बीएस-६ डिझेलच्या एक्झॉस्टवर ऑक्सिजन सेन्सरबरोबर तापमानाचे सेन्सर, दाबाच्या नळ्या आणि काही गाड्यांत नॉक्स (नायट्रोजनची ऑक्साइडे मोजणारा) सेन्सरही असतो. तिथे पाइपावर बसलेली प्रत्येक वस्तू ऑक्सिजन सेन्सरच आहे असे धरून चालत नाही.

वायरीचा माग काढणे

काम थंड इंजिनावरच करावे. मॅनिफोल्ड आणि कन्व्हर्टर इंजिन बंद केल्यावरही बराच वेळ चटका देतात. खालून पाहायचे असेल तर गाडी रॅम्पवर घ्यावी किंवा सपाट, पक्क्या जमिनीवर जॅक लावून खाली स्टँड द्यावेत. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली कोणीही जाऊ नये.

आडव्या बसवलेल्या इंजिनात एक्झॉस्टची बाजू कधी रेडिएटरकडे असते, तर कधी केबिनच्या भिंतीकडे. ती रेडिएटरकडे असेल तर पुढचा सेन्सर उष्णतारोधक पत्र्याच्या वर किंवा पत्र्यातील कापातून उभ्यानेच दिसतो. भिंतीकडे असेल तर हात घालायलाही जागा नसते. अशा वेळी मोबाइलचा कॅमेरा आणि छोटी टॉर्च कामाला येते. सेन्सर ओळखायला सोपा आहे: २२ मिलिमीटरच्या पान्याचे षट्कोनी डोके, त्यावर धातूची नळीसारखी मान, आणि त्या मानेच्या टोकाच्या रबरी बुचातून बाहेर पडणाऱ्या वायरी.

आता त्या वायरींवर बोट ठेवून पुढे सरकावे. त्यांच्यावर उष्णता सोसणारे विणलेले किंवा काचतंतूंचे आवरण असते आणि जागोजागी क्लिपा असतात. पुढच्या सेन्सरचा कपलर सहसा हेड कव्हरच्या कडेला, गिअरबॉक्सच्या वरच्या अंगाला किंवा एखाद्या पत्र्याच्या ब्रॅकेटवर अडकवलेला सापडतो. मागच्या सेन्सरची वायर लांब असते. ती कधी गिअरबॉक्सच्या बाजूने वर येते आणि पुढच्या सेन्सरच्या कपलरशेजारीच, त्याच ब्रॅकेटवर संपते, तर काही गाड्यांत ती फ्लोअरमधील रबरी बुचातून थेट केबिनमध्ये शिरते आणि कपलर कार्पेटखाली असतो. बॉनेटखाली तासभर शोधूनही मागचा कपलर सापडत नसेल तर गाडीखालून ते बूच शोधावे.

दोन्ही कपलर एकाच ब्रॅकेटवर असतील तर खरी परीक्षा तिथे असते. कंपन्या बहुधा दोन कपलरांचे रंग वेगळे ठेवतात किंवा आतील खाचांची रचना वेगळी ठेवतात, म्हणजे चुकीची जोडी बसूच नये. पण हा सर्वत्र पाळला जाणारा नियम नाही, आणि आधी कोणी बाजारातला दुसरा सेन्सर लावला असेल तर मूळच्या खाचा घासून बसवलेल्या असण्याचीही शक्यता असते. म्हणून सोडवण्याआधी दोन्ही बाजूंना, सेन्सरकडच्या आणि हार्नेसकडच्याही (हार्नेस म्हणजे गाडीच्या वायरींचा जुडगा), रंगीत चिकटपट्टी लावून 'पुढचा', 'मागचा' असे लिहावे आणि मोबाइलवर एक फोटो घ्यावा. एका बँकेच्या इंजिनात हे दोन कपलर उलटसुलट जोडले गेले, तर ईसीयू कन्व्हर्टरमागच्या संथ सेन्सरच्या सांगण्यावरून पेट्रोल कमी-जास्त करू लागतो आणि इंजिन कधी अधिक पेट्रोल पिते, कधी धक्के देते. व्ही इंजिनात डावे-उजवे बदलले तर प्रकार अधिक वाईट: एका बाजूला पेट्रोल वाढवल्याचा परिणाम दुसऱ्या बाजूच्या सेन्सरवर दिसतो, ईसीयू आणखी वाढवतो, आणि एक बाजू सतत रिच (पेट्रोल जास्त) तर दुसरी सतत लीन (पेट्रोल कमी) होत जाते.

मागावर असताना इतर कपलर वाटेत येतात. त्यांना बाजूला सारण्याची एक सोपी खूण आहे. कूलंटच्या तापमानाचा सेन्सर, मॅप (इनटेकमधील हवेचा दाब मोजणारा) सेन्सर, कॅम सेन्सर, इग्निशन कॉइल, इंजेक्टर या सर्वांचा कपलर बहुधा थेट त्यांच्या अंगावरच बसतो; मधे वायर नसते. ऑक्सिजन सेन्सरला मात्र स्वतःची हात-दीड हात वायर असते, कारण तप्त पाइपाजवळ प्लॅस्टिकचा कपलर टिकणार नाही. वायरीवरचा कपलर नॉक सेन्सरला आणि क्रँक सेन्सरलाही असू शकतो, परंतु नॉक सेन्सर ब्लॉकवर बोल्टने बसतो आणि क्रँक सेन्सर फ्लायव्हील किंवा पुलीजवळ असतो. दोन्हींच्या वायरी दोन किंवा तीन असतात. चार पिनांचा म्हणून सर्वाधिक फसवणारा कपलर मॅप आणि हवेचे तापमान एकत्र मोजणाऱ्या सेन्सरचा. तो इनटेकच्या बाजूला असतो, म्हणून एक्झॉस्टपासून निघालेल्या माणसाची त्याच्याशी गाठ पडायचे कारणच नाही.

वायरी किती, आणि रंग काय सांगतात

एक वायर असेल तर ती सिग्नलची. अर्थिंग सेन्सरच्या अंगातूनच होते आणि हीटर नसतो. असे सेन्सर आता फक्त जुन्या गाड्यांवर उरले आहेत. तीन वायरी असतील तर दोन हीटरच्या आणि एक सिग्नलची. चार असतील तर दोन हीटरच्या, एक सिग्नलची आणि एक सिग्नलच्या अर्थची. आपल्याकडे सर्वाधिक आढळणारा प्रकार हाच. सेन्सरकडून पाच वायरी निघत असतील आणि कपलर सहा पिनांचा असेल तर तो बहुधा वाइडबँड, म्हणजे हवा-पेट्रोलचे प्रमाण मोठ्या पल्ल्यात मोजणारा, सेन्सर असतो. त्यातल्या एका पिनेला सेन्सरकडची वायर नसते, तिथे कपलरच्या पोटात एक छोटा रेझिस्टर असतो. हा रेझिस्टर त्या विशिष्ट सेन्सरसाठी कारखान्यात जुळवलेला असतो, म्हणून वाइडबँडचा कपलर कापून जुनाच कपलर नव्या सेन्सरला जोडणे हा शुद्ध अविचार आहे.

आता रंग. बॉशच्या नेहमीच्या चार वायरींच्या सेन्सरमध्ये दोन पांढऱ्या वायरी हीटरच्या, काळी सिग्नलची आणि करडी सिग्नलच्या अर्थची असते. डेन्सोच्या नेहमीच्या चार वायरींच्या सेन्सरमध्ये दोन काळ्या हीटरच्या, निळी सिग्नलची आणि पांढरी अर्थची असते. हे दोन वाक्य शेजारी ठेवून पुन्हा वाचावे. एका कंपनीची सिग्नलची काळी वायर दुसऱ्या कंपनीत हीटरची आहे, आणि एकीकडची हीटरची पांढरी दुसरीकडे अर्थची आहे. 'काळी म्हणजे अर्थ' हे गाडीच्या वायरिंगमधले अंगवळणी पडलेले समीकरण घेऊन कोणी इथे आला, तर त्याने हीटरचे बारा व्होल्ट सिग्नलच्या वायरीत सोडलेच म्हणून समजा, आणि मग सेन्सरबरोबर ईसीयूचाही खर्च अंगावर येऊ शकतो.

दोन्ही पद्धतींत टिकणारी एक गोष्ट आहे: ज्या दोन वायरी एकाच रंगाच्या असतात त्या हीटरच्या. हीटर हा साधा रेझिस्टन्स असल्याने त्याला धन-ऋण टोके नसतात, म्हणून दोन्ही वायरींना एकच रंग दिलेला असतो. वाइडबँडमध्ये ही खूण चालत नाही. बॉशच्या एलएसयू ४.९ या बऱ्याच ठिकाणी दिसणाऱ्या सेन्सरमध्ये लाल वायर पंपिंग करंटची, पिवळी समाईक संदर्भाची, काळी मोजणीच्या सेलची, करडी हीटरच्या धन बाजूची आणि पांढरी हीटरच्या ऋण बाजूची असते. इथे पाचही रंग वेगळे आहेत आणि हीटरला दिशाही ठरवून दिलेली आहे.

आणखी एक सापळा सांगायला हवा. चार वायरी दिसल्या म्हणजे सेन्सर साधाच असतो असे नाही. काही गाड्यांवर पुढच्या जागी चार वायरींचा एअर-फ्युएल सेन्सर असतो. बाहेरून तो साध्या सेन्सरसारखाच दिसतो, वायरींचे रंगही तेच असू शकतात, पण त्याचे काम करंटवर चालते आणि तो ० ते १ व्होल्टच्या दरम्यान वर-खाली होत नाही. पुढे दिलेले सिग्नलचे आकडे त्याला लावले तर चांगला सेन्सर बाद ठरेल. सुटा भाग घेताना सेन्सरच्या अंगावरचा पार्ट नंबर पाहणे हाच यावरचा उपाय.

हे सर्व रंग कपलरच्या सेन्सरकडच्या बाजूचे आहेत. हार्नेसकडच्या बाजूला रंग बदलतात, तिथे गाडीच्या कंपनीची स्वतःची पद्धत असते, आणि सेन्सरकडच्या पांढऱ्या वायरीसमोर पांढरीच वायर येईल अशी अपेक्षा ठेवू नये. रंगाची जोडी लावू नये, पिनेची लावावी. त्यासाठी कपलरवर पिनांचे आकडे कोरलेले असतात, परंतु ते इतके बारीक आणि काळ्यावर काळे असतात की नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. कपलरच्या मागच्या अंगावर, बाहेरच्या बाजूने, खडूचा तुकडा हलकेच घासून वरचा थर बोटाने पुसला की खोलगट आकड्यांत पांढरे भरून राहते आणि '१' व '४' लख्ख वाचता येतात. वायरिंगच्या आकृतीत कपलर कोणत्या बाजूने काढला आहे हेही पाहावे. वायरी शिरतात त्या बाजूने पाहिलेला कपलर आणि तोंडाच्या बाजूने पाहिलेला कपलर हे एकमेकांचे आरशातले रूप असते. ही बाजू चुकली की एक नंबरची पिन चार नंबरची होते.

कपलर सोडवताना

आपल्या भागात कपलर उघडण्याआधी तो धुणे-पुसणे हे निम्मे काम आहे. गगनबावडा, राधानगरीकडे पावसाळ्यात फिरणाऱ्या गाडीच्या पोटाला तांबडा चिखल घट्ट बसलेला असतो, आणि तो तसाच ठेवून लॉक दाबले तर माती लॉकच्या फटीत अडकते आणि जीभ तुटते. ब्रशने आणि हवेच्या दाबाने बाहेरची बाजू आधी स्वच्छ करावी. इग्निशन बंद असावे. बऱ्याच कपलरांना दोन लॉक असतात: एक दाबायची जीभ, आणि तिच्यावर किंवा शेजारी सरकणारा लाल, पिवळा वा करडा दुसरा लॉक. हा रंगीत लॉक आधी सरकवावा, मग जीभ दाबावी. उष्णतेने प्लॅस्टिक ठिसूळ झालेले असते, म्हणून जीभ उचकटू नये. किंचित आत ढकलून, ताण सैल करून दाबली की ती सुटते. ओढायचे ते कपलरचे अंग धरून, वायर धरून नव्हे.

आत हिरवट-पांढरी बुरशीसारखी पूड दिसली तर पाणी शिरल्याची ती खूण. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या पुरात पाण्यात राहिलेल्या कितीतरी गाड्या आजही वापरात आहेत किंवा हात बदलून फिरत आहेत, आणि अशा गाडीचा मागचा सेन्सर, तोही फ्लोअरखालून जाणाऱ्या वायरीचा, तपासताना कपलरच्या दोन्ही तोंडांत पाहिल्यावाचून सेन्सरला दोष देऊ नये. ऊसपट्ट्यातल्या गाड्यांची तक्रार वेगळी. तिथे उंदीर वायरीचे आवरण कुरतडतात आणि कपलर शाबूत असतो.

स्वच्छ करताना एक पथ्य कसोशीने पाळावे. झिर्कोनियाच्या आतल्या बाजूस लागणारी बाहेरची हवा अनेक सेन्सरांमध्ये वायरींच्या तारांमधील सूक्ष्म पोकळीतून, म्हणजे कपलरच्या दिशेनेच, आत जाते. त्यामुळे सेन्सरकडच्या बाजूला ग्रीस भरणे, कॉन्टॅक्ट क्लीनर फवारणे किंवा सिलिकॉनने कपलर सील करणे टाळावे. इतर सर्व कपलरांना उपयोगी पडणारा हा उपचार इथे सेन्सरचा श्वास कोंडतो. वायर तुटली असेल तर त्याच कारणाने सेन्सरकडच्या बाजूला डाग देऊ नये. कथील तारांमध्ये चढून हवेची वाट बंद करते. योग्य मापाचा क्रिंप वापरावा.

मीटरने खात्री

कपलर सुटा असताना, सेन्सरकडच्या बाजूला, एकाच रंगाच्या दोन वायरींच्या पिनांवर मल्टिमीटर ओहमवर लावावा. आधी मीटरची दोन्ही टोके एकमेकांना टेकवून मीटरच्या वायरींचा स्वतःचा रेझिस्टन्स पाहून घ्यावा आणि तो वजा करावा. थंड सेन्सरच्या हीटरचा रेझिस्टन्स प्रकारानुसार साधारण २ ते १६ ओहमच्या दरम्यान येतो. नेमका आकडा त्या गाडीच्या मॅन्युअलमधला धरावा. मीटर अनंत दाखवत असेल तर हीटर जळालेला आहे. हीटरची पिन आणि सेन्सरचे धातूचे अंग यांच्यामध्ये मात्र काहीही वाहता कामा नये. सिग्नलच्या दोन पिनांवर ओहम मोजू नये. त्यातून निदान काही होत नाही आणि मीटरचा करंट तिथे सोडण्याचे कारण नाही.

हार्नेसकडच्या बाजूला इग्निशन चालू करून व्होल्ट मोजावेत. एका पिनेवर बॅटरीइतके, म्हणजे बारा व्होल्टच्या आसपास, व्होल्टेज मिळाले की ती हीटरच्या पुरवठ्याची पिन. काही गाड्यांत रिले इंजिन सुरू झाल्यावरच पुरवठा देतो, म्हणून इग्निशनवर शून्य दिसले तर लगेच फ्यूज शोधायला धावू नये. हीटरची दुसरी पिन ईसीयूकडे जाते. ईसीयू अर्थची बाजू चालू-बंद करून हीटर सांभाळतो. उरलेल्या दोनपैकी सिग्नलच्या पिनेवर बऱ्याच ईसीयूंमध्ये सुमारे ०.४५ व्होल्ट मिळतात, आणि अर्थची पिन बॅटरीच्या ऋण टोकाशी जवळजवळ जुळते. सिग्नलच्या पिनेवर टेस्ट लॅम्प कधीही लावू नये, कारण दिवा जेवढा करंट ओढतो तेवढा देण्यासाठी ती वायर बनलेलीच नाही. मीटरचे जाड टोकही मादी पिनेत खुपसू नये; पिन फाकते, कपलर बसल्यावर सैल राहते, आणि महिन्याभराने येणारी ये-जा करणारी तक्रार कोणालाच सापडत नाही. मागच्या बाजूने, वायरीच्या रबरालगत, बारीक टोक सरकवून मोजणे बरे.

कपलर जोडून, इंजिन पूर्ण तापल्यावर, साध्या पुढच्या सेन्सरचा सिग्नल ०.१ ते ०.९ व्होल्टच्या दरम्यान सतत वर-खाली होताना दिसतो. मागचा, कन्व्हर्टर चांगला असेल तर, ०.६ ते ०.७ च्या आसपास बराचसा स्थिर राहतो. तोही पुढच्यासारखाच नाचू लागला तर कपलर उलटे आहेत का ते आधी पाहावे, आणि तसे नसेल तर कन्व्हर्टर थकला आहे असे समजावे. कन्व्हर्टरची कार्यक्षमता घटल्याचा पी०४२० हा कोड तेव्हाच येतो. इथेनॉलमुळे हे आकडे बदलत नाहीत. आपल्याच जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांच्या डिस्टिलरीतून निघणारे इथेनॉल पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत मिसळले, तरी सेन्सर उरलेला ऑक्सिजन पाहतो, इंधनाचे नाव पाहत नाही. शुद्ध पेट्रोलला लागणारे हवेचे १४.७ पट प्रमाण त्यात खाली येते, पण लॅम्डा १, म्हणजे इंधन पुरते जळायला लागते नेमकी तेवढीच हवा असण्याचा बिंदू, तोच राहतो.

स्कॅनरची साक्ष

चालकाच्या बाजूला डॅशबोर्डखाली असलेल्या सोळा पिनांच्या ओबीडी पोर्टला ब्लूटूथचा साधा ॲडॉप्टर जोडला, तरी कपलर ओळखण्याइतके काम होते. कोड आधी वाचावेत. पी०१३० ते पी०१३५ हे कोड बँक १ सेन्सर १ चे आहेत, पी०१३६ ते पी०१४१ हे बँक १ सेन्सर २ चे. त्यांतले पी०१३५ आणि पी०१४१ अनुक्रमे दोन्हींच्या हीटर सर्किटचे आहेत. काही गाड्या हीटरसाठी पी००३१ किंवा पी००३७ असे कोडही देतात. पहिला पुढच्या सेन्सरचा, दुसरा मागच्याचा. व्ही इंजिनाच्या दुसऱ्या बँकेची मालिका पी०१५० पासून सुरू होते.

दोन कपलरांतला पुढचा कोणता याबद्दल शंका उरली असेल, तर इग्निशन बंद करून एकच कपलर सोडावा, इंजिन सुरू करावे, आणि लाइव्ह डेटामध्ये कोणत्या सेन्सरचा आकडा गोठला ते पाहावे. ज्याचा गोठला त्याचा कपलर आपल्या हातात आहे. यात चेक इंजिनचा दिवा लागेल. काम झाल्यावर कपलर जोडून कोड पुसावेत. बाजारातले जुने सीएनजी किट बसवलेले असेल तर एक खबरदारी आवश्यक आहे: असे किट बसवताना काही वेळा ऑक्सिजन सेन्सरच्या सिग्नलची वायर कापून किटच्या पेटीतून फिरवलेली असते, आणि मग स्कॅनरवर दिसणारा आकडा सेन्सरचा नसून पेटीचा असतो. हार्नेसवर चिकटपट्टीचा फुगवटा दिसला तर तो उघडून पाहावा.

सेन्सर बदलायचाच झाला तर वायरीची लांबी आणि कपलर जुन्याशी ताडून मगच पैसे द्यावेत. सेन्सरच्या आट्या सर्वसाधारणपणे एम-१८ × १.५ असतात आणि नव्या सेन्सरवर बहुधा गंजरोधक लेप आधीच दिलेला असतो. तो नसेल तर फक्त आट्यांवर लावावा, टोकाच्या छिद्रांना लागू देऊ नये. वायर जाऊ देणारे कापाचे २२ चे सॉकेट वापरावे. जुना सेन्सर काढताना आट्या निघून आल्या तर घाबरू नये. उद्यमनगरात त्या पुन्हा पाडून देणारे हात भरपूर आहेत. बसवताना वायरीला पीळ पडला असेल तर कपलर लावण्याआधी तो काढावा, आणि सर्व क्लिपा मूळ जागी लावाव्यात. लोंबणारी वायर पाइपाला टेकली की नवा सेन्सरही चार दिवसांचा सोबती. लॉक बसल्याचा 'टक्' आवाज ऐकावा आणि दुसरा रंगीत लॉक परत सरकवावा.

शेवटची तपासणी रस्त्यावर करावी, आणि त्यासाठी कोल्हापूरकरांना पन्हाळ्याचा किंवा जोतिबाचा घाट उत्तम आहे. स्कॅनर शेजारी बसलेल्या माणसाच्या हाती द्यावा. चालकाने त्याकडे पाहू नये. चढाला इंजिन चांगले तापते. उतरताना गाडी गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटरवरचा पाय पूर्ण काढला की ईसीयू इंजेक्टर बंद करतो आणि एक्झॉस्टमधून नुसती हवा जाऊ लागते. पुढच्या साध्या सेन्सरचा आकडा त्याच क्षणी ०.१ व्होल्टच्या खाली येतो. मागचा त्याच्यामागून, काही क्षणांच्या अंतराने खाली येतो, कारण मधला कन्व्हर्टर आधी स्वतः ऑक्सिजन साठवून घेतो. स्कॅनरवर हा क्रम उलटा दिसला, म्हणजे 'सेन्सर २' आधी आणि 'सेन्सर १' नंतर पडला, तर गाडी बाजूला घेऊन, पाइप थंड झाल्यावर, कपलरांची अदलाबदल तपासावी.